हाताची लाइट

“परत सांगा, मावशी. यांनाही ऐकू दे.”

डॉक्टर असं म्हणाले आणि माझ्या आईने परत सांगितलं. ती तपासायच्या उंच स्टुलावर बसली होती. पाय जमिनीला टेकत नव्हते. उजवा हात मांडीवर, आणि डाव्या हाताने तो धरून ठेवलेला. टेबलापलीकडे डॉक्टर. त्यांच्या बाजूला दोन ज्युनिअर, मुद्दाम शेजारच्या खोलीतून बोलावून आणलेले. मी भिंतीला टेकून उभी, हातात फॉर्मचा पॅड.

“हाताची लाइट जाते, साहेब,” आई म्हणाली. “चमचा पडून जातो. पाच-दहा मिंट बंद. मग आपल्या आप वापस येऊन जाते, जशी की गेलीच नव्हती.”

ज्युनिअर हसायला लागले. डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघून भुवया उडवल्या आणि आईला विचारलं, “मग वीज कंपनीला फोन केला की नाही, मावशी?”

खोलीत खसखस पिकली. आईही हसली. मोठी माणसं हसली की आपणही हसायचं, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. तेवढ्यात डॉक्टरांच्या मिसेस आत आल्या. हॉस्पिटलचा कारभार त्या बघतात. “हिच्यासाठी एकदा,” डॉक्टर म्हणाले. आईने तिसऱ्यांदा सांगितलं. या वेळी सावकाश, मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून. चमचा कसा पडतो ते हाताने करूनही दाखवलं.

मीही हसले. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं खोटं होईल. तोंडावर पॅड धरून मी हसले.

घरी जाताना रिक्षात आई खुशीत होती. “डॉक्टर अच्छे आहेत गं,” म्हणाली. “तीन-तीन बार विचारलं. इतक्या ध्यानाने आपलं कोण ऐकतं?”

मी बाहेर बघत बसले.

त्या हॉस्पिटलात मी सहा वर्षं होते. इंदूरमधलं एक खाजगी हॉस्पिटल, फार मोठं नाही, पण जुनं. डॉक्टरांच्या वडिलांनी काढलेलं. पेशंट बहुतेक बाहेरगावचे. सकाळच्या बसने हातोदहून यायचे, गौतमपुऱ्याहून यायचे, आजूबाजूच्या खेड्यांतून यायचे. डोक्यावर पदर, हातात जुन्या रिपोर्टांची पिशवी. डॉक्टरांकडे जायच्या आधी ते माझ्याकडे यायचे. मी त्यांना काय होतंय ते विचारायचं, फॉर्म भरायचा आणि तो फॉर्म आत पाठवायचा. आत डॉक्टर फॉर्म वाचायचे आणि मग पेशंटकडे बघायचे. कधी कधी बघायचेही नाहीत.

फॉर्मला दोन रकाने होते. डावीकडे छापलेलं, ‘रुग्णाचे शब्द’. उजवीकडे, ‘मुख्य तक्रार’. उजवीकडचं इंग्रजीत लिहायचं. हा फॉर्म डॉक्टरांच्या वडिलांनी तयार केला होता. त्यांच्या काळातल्या फायली खालच्या खोलीत होत्या, त्या मी पाहिल्या आहेत. डावा रकाना काठोकाठ भरलेला असायचा. मालवीत, हिंदीत, आमच्या मराठीत, जसं पेशंट बोलला तसं. म्हातारे डॉक्टर स्वतःच्या हाताने ते लिहायचे.

धाकट्या डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं की डावं सोडून द्यायचं, त्यात वेळ जातो. त्यातून काही गमतीचं निघालं तर ते वेगळं लिहून ठेवायचं. त्यासाठी त्यांनी मला एक डायरी दिली. औषध कंपनीने दिलेली, निळ्या कव्हरची. पहिल्या पानावर त्यांनी स्वतः लिहिलं, ‘गावठी डिक्शनरी’.

तर असं सुरू झालं. एका बाजूला पेशंटने वापरलेला शब्द, दुसऱ्या बाजूला त्याचा अर्थ. गंमत अशी की शब्द बहुतेक इंग्रजीच असायचे. ऑपरेशन. खेड्यातली बाई नुसतं ‘ऑपरेशन हो गयो’ म्हणाली तर ते नसबंदीचं. दुसरं कुठलं असेल तर ती आवर्जून सांगते, डोळ्याचं, खड्याचं. पॉइंट म्हणजे रक्त. ‘सात पॉइंट है’ म्हणजे हिमोग्लोबिन सात. फोटू म्हणजे एक्सरे. मशीन म्हणजे सोनोग्राफी. डेट म्हणजे पाळी. करंट म्हणजे कमरेतून निघून पायात उतरणारी कळ. इंग्रजीच्या पुस्तकात हे अर्थ सापडायचे नाहीत. ते अर्थ त्या बाईला तिच्या सासूने दिले, गावातल्या नर्सबाईने दिले, बसमध्ये शेजारी बसलेल्या दुसऱ्या आजारी बाईने दिले. शहरातून एक शब्द गावात गेला, तिथे त्याला काम लागलं आणि तो तिथलाच झाला. यात हसण्यासारखं काय आहे, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मला पडायला हवा होता, कारण आमच्या घरीही हेच शब्द होते आणि त्यांचे अर्थही हेच होते.

शनिवारी ओपीडी संपली की डॉक्टरांच्या केबिनमध्ये कचोरी यायची, चहा यायचा. डॉक्टर, मिसेस, ज्युनिअर, कधी डॉक्टरांचे कोणी मित्र. मग मला बोलावणं यायचं. मी डायरीतले आठवड्याचे शब्द वाचून दाखवायचे. नुसते वाचायचे नाहीत. ती बाई कशी बोलली, पदर कसा ओढला, नवऱ्याकडे कशी बघत होती, सगळं करून दाखवायचे. मला नक्कल छान जमते. लोक पोट धरून हसायचे. डॉक्टर म्हणायचे, “इंग्रजांनी दिलेला शब्द या लोकांनी कुठे नेऊन ठेवला बघा.”

एरवी त्या केबिनमध्ये मी उभी असायचे. शनिवारी मला खुर्ची मिळायची.

त्या खुर्चीसाठी मी काय काय केलं ते आता आठवलं की अंगावर काटा येतो. पण तेव्हा आवडायचं. का आवडायचं तेही सांगते.

माझे आजोबा खानदेशातून इंदूरच्या मिलमध्ये आले. वडीलही त्याच मिलमध्ये लागले. मिल बंद पडली तसे वडील घरी बसले, आणि बसल्या बसल्याच गेले. आई हातोदकडच्या एका खेड्यात वाढलेली. तिचे वडील तिकडे रेल्वेत गँगमन होते. आमच्या घरात मराठी होती, पण तिच्यात हिंदी होती, मालवी होती, मिलची भाषा होती. आम्हाला ती एकच भाषा वाटायची. शाळेत मराठीच्या बाईंनी मला जागं केलं. मी निबंधात लिहिलं होतं, ‘माझी आई सकाळी जल्दी उठून जाते आणि सगळ्यांसाठी पोहे बनवून देते.’ बाईंनी तो निबंध वर्गापुढे वाचला. थांबून थांबून. वर्ग हसला. “ही भाषा नाही, ही भेळ आहे,” बाई म्हणाल्या. “घरी मराठी बोलत जा.”

मी घरी मराठीच बोलत होते. हे मला त्यांना सांगता आलं नाही. तेव्हापासून मी दोन जिभा ठेवल्या, एक बाहेरची, एक घरची. ही आत्ता तुम्ही वाचताय ती मराठी मी मारून मुटकून शिकलेली आहे. ग्रंथालयातून पुस्तकं आणून, रेडिओ ऐकून, मोठ्या घरातल्या मुलींचं बोलणं चोरून. इंग्रजीही तशीच. हॉस्पिटलात नोकरीसाठी गेले तेव्हा डॉक्टरांनी आडनाव विचारलं, वडील कुठे होते ते विचारलं. मिलमध्ये, म्हटलं. “अच्छा,” म्हणाले. त्या ‘अच्छा’त सगळं आलं. डॉक्टरांचे पणजोबा संस्थानाच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांचा फोटो केबिनमध्ये आहे, पगडीसकट. मग डॉक्टर म्हणाले, “मराठी मात्र स्वच्छ बोलतेस.” ते वाक्य मी कितीतरी दिवस मनात घोळवत होते.

म्हणजे मी डॉक्टरांच्या बाजूला बसले होते. पलीकडे पदर घेतलेल्या बायका होत्या, आणि मला काही झालं तरी पलीकडे जायचं नव्हतं. त्यांची नक्कल केली की मी त्यांच्यातली नाही हे सिद्ध व्हायचं. दर शनिवारी पुन्हा सिद्ध व्हायचं.

आणि मग आई आली.

दोन-तीनदा तिचा हात असा गेला होता. एकदा पोहे ढवळताना, एकदा देवासमोर. तिने मला सांगितलं तसं मीच म्हटलं, आमच्या डॉक्टरांना दाखवू. स्टाफच्या नातेवाइकांना लगेच आत घ्यायचे. त्या दिवशी तिचा फॉर्म मीच भरला.

डावा रकाना सवयीने सोडला. उजव्या रकान्यापाशी पेन थांबलं. आईने मला घरी जे सांगितलं होतं तेच ती आत सांगणार होती. हाताची लाइट. ते इंग्रजीत कसं लिहायचं? लिहिता आलं असतं. हात अचानक निकामी होतो आणि काही मिनिटांत आपोआप बरा होतो, एवढं लिहिण्याइतकी इंग्रजी मला येते. पण मला लाज वाटली. आपल्या आईचं दुखणंसुद्धा असं खेडवळ, असं वाटलं. तिचं दुखणं जरा बरं दिसावं म्हणून मी लिहिलं, ‘जनरलाइज्ड वीकनेस’. सगळीकडे अशक्तपणा. असा शब्द की ज्यात काहीच नाही. शहरातल्या बायकांनाही होतो तो.

आत काय झालं ते वर सांगितलंच आहे. डॉक्टरांनी ब्लडप्रेशर घेतलं, थोडं वाढलंय म्हणाले, मीठ कमी करा म्हणाले. फॉर्मवर नजर टाकली. ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. हसण्यात जेवढा वेळ गेला त्याच्या निम्माही वेळ तपासण्यात गेला नाही.

पुढच्या शनिवारी मी डायरीत नवा शब्द लिहून नेला. लाइट. आईच्या आवाजात वाचला. चमचा पाडून दाखवला. त्या दिवशीइतका हशा कधीच पिकला नव्हता. मिसेसनी डोळ्यांतलं पाणी पुसलं. “तुझी आई म्हणजे एक नंबर आहे,” डॉक्टर म्हणाले. मी खुर्चीत बसून कचोरी खाल्ली.

त्यानंतर बाराव्या दिवशी, सकाळी सातच्या सुमाराला, स्वयंपाकघरात कढई पडल्याचा आवाज आला. मी वेणी घालत होते. जाऊन बघते तर आई ओट्याला धरून उभी. खाली सगळीकडे पोहे. तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि काहीतरी सांगायला गेली. जो आवाज आला तो माणसाचा होता, पण शब्द नव्हता. मग ती बसली, आणि बसता बसता उजवीकडे कलंडली.

शेजारच्या काकूंनी रिक्षा आणली. मी तिला सरकारी मोठ्या हॉस्पिटलात नेलं. आमच्या हॉस्पिटलचं नाव त्या घाईत माझ्या डोक्यात आलंच नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

तिथे एक तरुण डॉक्टरीण होती. डोळे लाल, केस कसेतरी बांधलेले. आईला आत घेतल्यावर ती बाहेर आली आणि मला प्रश्न विचारायला लागली. शुगर आहे का, प्रेशर आहे का, गोळ्या कुठल्या. मग तिने विचारलं, “इससे पहले कभी हाथ या पैर कमजोर हुआ? थोड़ी देर के लिए, फिर अपने आप ठीक?”



हो, म्हटलं. डॉक्टरला दाखवलं होतं, म्हटलं. तिने विचारलं, तेव्हा आईने नेमकं काय सांगितलं होतं. मी म्हटलं, तिला नीट सांगता येत नाही, ती शिकलेली नाही. डॉक्टरीण म्हणाली की जसं बोलली तसंच सांगा. मी खाली बघून सांगितलं. हाताची लाइट जाते. चमचा पडून जातो. पाच-दहा मिनिटं बंद, मग आपोआप परत येते, जशी की गेलीच नव्हती.

ती हसली नाही. पेन काढून तिने आईचं वाक्य जसंच्या तसं कागदावर लिहिलं, अवतरणचिन्हात.

“इन्होंने तो पूरा बता दिया था,” ती म्हणाली. “इससे साफ कोई क्या बताएगा?”

मग तिने मला समजावून सांगितलं. मोठा झटका यायच्या आधी कधी कधी असे छोटे इशारे येतात. हात जातो आणि परत येतो. आपोआप परत येतो, हीच त्याची खूण. त्याच वेळी ओळखलं आणि औषध सुरू केलं तर पुष्कळदा मोठा झटका टाळता येतो. पुष्कळदा, नेहमी नाही, असंही ती प्रामाणिकपणे म्हणाली. कोणत्या डॉक्टरला दाखवलं होतं ते तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. ती आत गेली आणि मी त्या लांबलचक व्हरांड्यात जमिनीवर बसले.

परत येऊन जाते, जशी की गेलीच नव्हती. आईने खूणसुद्धा सांगितली होती. मी ती पुसून वीकनेस लिहिलं होतं. आणि डॉक्टरांनी तर ती स्वतःच्या कानांनी ऐकली होती. एकदा नाही, तीनदा.

आई वाचली. उजवी बाजू गेली. बोलणं गेलं. आता तिला एकच शब्द येतो, ‘हौ’, म्हणजे हो. पाणी हवं तरी हौ, नको तरी हौ, दुखलं तरी हौ. माझी आई दिवसभर बडबड करणारी बाई होती. भाजीवाल्याशी, मांजराशी, गॅसच्या शेगडीशी बोलायची. कुठलंही दुखणं सांगायची तर समोरच्याला ते दिसायचं. ते सगळं आत बंद झालं. कधी कधी ती माझ्याकडे एकटक बघते आणि ओठ हलवते, आणि मग हौ म्हणून थांबते. मी मान फिरवते. मला ते बघवत नाही.

पंधरा दिवसांनी कामावर गेले. काकू आईजवळ बसणार होत्या. डॉक्टर भेटले, चौकशी केली. “लकवा ना? वाईट झालं,” म्हणाले. मिसेसनी आईसाठी सफरचंदं दिली. कोणी वाईट वागलं नाही. तो शनिवारच होता. दुपारी केबिनमधून बोलावणं आलं. डॉक्टरांचे कोणी जुने वर्गमित्र परदेशातून आले होते. कचोरी मांडलेली. माझी खुर्ची तयार.

“ये, ये. डायरी आणलीस ना?” डॉक्टर म्हणाले. मित्राला सांगायला लागले की या मुलीसारखी नक्कल इंदुरात कोणी करत नाही. मग मला म्हणाले, “ती लाइटवाली वाच. ती सगळ्यात भारी आहे.”

त्यांना आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. शब्द लक्षात होता, बाई विसरले होते.

मी बसले नाही. डायरी छातीशी धरून उभी राहिले. एका हाताने खुर्चीची पाठ धरली. मी म्हटलं, “ते मी वाचणार नाही, सर. ते माझ्या आईचं वाक्य आहे.”

डॉक्टरांचं हसू जरा मागे सरलं. अरे हो, म्हणाले. मग मित्राकडे वळून इंग्रजीत सांगितलं की हिच्या आईला नुकताच स्ट्रोक झाला. मित्राने मान हलवली. आता विषय बदलतील आणि मी बाहेर जाईन, असं वाटलं. पण डॉक्टरांना राहवलं नाही. हळू आवाजात, समजूत घातल्यासारखं ते बोलले.

“काय आहे ना, या लोकांनी नीट सांगितलं असतं, तर आम्हालाही वेळेवर कळलं असतं.”

तोंडात मारल्यासारखं झालं. शाळेतल्या बाई आठवल्या. सहा वर्षांचे शनिवार आठवले. उंच स्टुलावर लोंबकळणारे आईचे पाय आठवले. तिसऱ्यांदा सांगताना तिने सुटा केलेला एकेक शब्द आठवला. कोणीतरी आपलं इतक्या ध्यानाने ऐकतंय म्हणून आनंदलेली माझी आई.

“तिने नीट सांगितलं होतं,” मी म्हटलं. “तुम्ही तिला तीन वेळा सांगायला लावलंत.”

डॉक्टर म्हणाले, फॉर्मवर तर वीकनेस लिहिलं होतं. ते मीच लिहिलं होतं. अक्षर माझंच होतं. त्यांनी ते बरोबर पकडलं. त्यांना वाटलं, आता ही खाली मान घालेल. सहा वर्षं तसंच होत आलं होतं.

“हो. ते मी खोटं लिहिलं,” मी म्हटलं. “तुमच्यासारखी दिसायला गेले म्हणून लिहिलं. ते माझ्या डोक्यावर आहे, मी मरेपर्यंत राहील. पण तुम्ही फॉर्म वाचायच्या आधी तिला ऐकलं होतं. तुमचं तुमच्या डोक्यावर.”

मिसेस उठल्या. घरचा ताण आहे, घरी जा, सोमवारी बोलू, असं म्हणाल्या. मी निघाले तर डॉक्टर म्हणाले, डायरी ठेवून जा, ती हॉस्पिटलची आहे.

“अक्षर माझं आहे आणि शब्द पेशंटचे आहेत,” मी म्हटलं. “यात तुमचं फक्त हसणं आहे.”

डायरी घेऊन मी बाहेर पडले. सोमवारी गेले नाही. आता एका लॅबमध्ये नमुने गोळा करायचं काम करते. सकाळी लवकर घराघरांत जाते. दुपारी आईजवळ असते.

ती डायरी मी पहिल्या पानापासून वाचली. एकटीने, नक्कल न करता. तशी वाचली तर तिच्यात हसण्यासारखं एक पानही नाही. रक्त कमी असलेली बाई आहे, कळ सोसणारी बाई आहे, पाळी न थांबणारी पोरगी आहे. गौतमपुऱ्याचा एक माणूस आहे, त्याने सांगितलं होतं की छातीत गॅस अडकते आणि डाव्या हातात उतरून येते. त्याच्यापुढे मी हसऱ्या तोंडाचं चित्र काढलं होतं. त्याचं पुढे काय झालं मला माहीत नाही. त्याचं नाव मी लिहिलं नव्हतं. गमतीला नाव कशाला लागतं? आता मी त्याला कुठे शोधू? हे मला कोणी माफ करू नये. मी माफी मागतही नाही.

मी तक्रार लिहिली. जिथे अशा तक्रारी घेतात त्या ऑफिसात नेऊन दिली. त्यात पहिल्या ओळीत माझं नाव आहे, आणि मी फॉर्मवर चुकीचं लिहिलं हे आधी लिहिलं आहे. मग डॉक्टरांचं नाव, आणि त्यांनी काय केलं ते. मग आईचं वाक्य, तिच्याच शब्दांत.

तिथल्या बाबूने कागद वाचला. माणूस वाईट नव्हता. “मॅडम,” तो म्हणाला, “ये लाइट वाला काट के मेडिकल भाषा में लिख दो. ऊपर साहब लोग पढ़ेंगे, हँसेंगे.”

मी म्हटलं, “एक बार मैंने काटा था. अब नहीं काटूँगी.”

त्याने खांदे उडवले, पुढच्या आठवड्यात या म्हणाला. गेले. साहेब दौऱ्यावर होते. परत गेले. कागद सापडत नव्हता. मी दुसरी प्रत दिली. तिच्यातही वाक्य तेच. हाताची लाइट जाते, साहेब.

माझ्या आईला आता बोलता येत नाही. ते वाक्य तिच्याकडून पुन्हा कोणी म्हणवून घेऊ शकत नाही. ते आता माझ्याकडे आहे. तिला तीन वेळा म्हणायला लावलं होतं. मी तीनवर थांबणार नाही. सोमवारी परत जाणार आहे. साहेब असले तर त्यांच्यासमोर उभी राहीन आणि घरच्या जिभेने, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून वाचीन. कोणी हसलं तर थांबेन, त्याचं नाव विचारून कागदावर लिहीन, आणि पहिल्यापासून परत वाचीन.